आर्मस्ट्राँगचे आत्मकथन सोळा वर्षांच्या भाचीच्या हाती द्यावे का?

गोदाकाठ (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या भावाला २००४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, अंडकोशाचा कर्करोग झाला आणि मुंबईतील एका रुग्णालयात त्याची केमोथेरपी सुरू झाली. सलाईन लावलेल्या हाताने त्याला पुस्तक धरवत नसे आणि छापील ओळीवर नजर ठरली की मळमळ वाढत असे. म्हणून त्याच्या उशाशी बसून अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ मी त्याला वाचून दाखवत असे. इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचायची आणि तोंडाने मराठीत सांगायची, असे करत उपचारांच्या दोन फेऱ्यांमध्ये आम्ही ते पुस्तक संपवले. पुस्तकातला आजार भावाचाच होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये आर्मस्ट्राँगला निदान झाले तेव्हा रोग पोटात, फुफ्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोहोचलेला होता. इंडियानापोलिसला मेंदूची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीच्या फेऱ्या झाल्या, आणि पुढे १९९९ च्या जुलैमध्ये त्याच माणसाने पॅरिसमध्ये टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या विजेत्याची पिवळी जर्सी घातली. हे वाचून दाखवताना माझा आवाज अनेकदा भरून आला होता, आणि भाऊ डोळे मिटून ऐकत असला तरी झोपलेला नाही हे मला कळत होते.

भाऊ पूर्ण बरा झाला. अमेरिकेतील एका नातेवाइकाने पाठवलेला, आर्मस्ट्राँगच्या कर्करोग संस्थेचा पिवळा रबरी पट्टा त्याने कित्येक वर्षे मनगटावरून काढला नाही. पुढे १० ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे युसाडाने, आपला सविस्तर निकाल प्रसिद्ध केला, १ ऑगस्ट १९९८ पासूनचे आर्मस्ट्राँगचे सर्व निकाल रद्द झाले, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः दूरचित्रवाणीवर मुलाखतकार ओप्रा विन्फ्रीसमोर उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. त्या रात्री भावाने पट्टा काढून कपाटात ठेवला, त्याविषयी एक शब्दही बोलला नाही, पण पुस्तक मात्र त्याने फळीवरून हलवले नाही.

आता त्याची मुलगी सोळा वर्षांची आहे. ती रोज पहाटे त्र्यंबकच्या रस्त्यावर सायकलचा सराव करते आणि राज्यस्तरीय निवड चाचणीची तयारी करत आहे. मागच्या आठवड्यात तिने ते पुस्तक हातात घेऊन मला विचारले, “आत्या, हे वाचू का? बाबा काहीच सांगत नाहीत.” मी तिच्याकडे चार दिवसांची मुदत मागितली आहे. खेळाडूंची आत्मकथने आजही प्रेरणा देऊ शकतात का, हा प्रश्न मला सर्वसाधारण चर्चेसाठी विचारायचा नाही. या पुस्तकाचे मी काय करावे, एवढेच विचारायचे आहे.

घाटमाथा

ताई, द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः पुण्याहून दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करतो, आणि पहाटे तीन वाजता भुकेने पाय गळाल्यावर मला आजही त्या पुस्तकातील सरावाची वर्णने आठवतात. शर्यतीच्या कित्येक महिने आधी, थंडीपावसात, ओस पडलेल्या डोंगरी चढणीवर पुन्हा पुन्हा सायकल चढवण्याचे कष्ट त्याने घेतले होते, आणि ते कष्ट खोटे नव्हते. ईपीओ हे खेळात बंदी असलेले औषध घेतल्याने कोणी घरबसल्या आल्प्स चढत नाही. त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो आणि आज केलेली मेहनत उद्या पुन्हा करता येते, पण मेहनत करावीच लागते. शिवाय त्या काळात आघाडीवर असलेल्यांपैकी बहुतेकांनी तेच केले होते. १९९९ मध्ये दुसरा आलेला आलेक्स झुले आदल्या वर्षीच्या टूरमध्ये गाजलेल्या फेस्टिना संघाच्या उत्तेजक प्रकरणात ईपीओची कबुली देऊन बसला होता, २०००, २००१ आणि २००३ मध्ये दुसरा आलेला यान उलरिक पुढे दोषी ठरला, आणि २००५ मधील दुसऱ्या क्रमांकाचा इव्हान बास्सो ऑपरेशन प्युएर्तो या स्पॅनिश पोलिसांच्या उत्तेजकविरोधी तपासात अडकून निलंबित झाला. आर्मस्ट्राँगने जिंकलेली १९९९ ते २००५ ही सात वर्षे इतिहासात विजेत्याविना कोरी ठेवावी लागली, कारण मुकुट कोणाच्या डोक्यावर ठेवावा हेच सायकलिंगच्या जागतिक संघटनेला ठरवता आले नाही.

तांबडी_पेशी

मी रक्तविकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून वरच्या प्रतिसादातील एका वाक्यावर थांबावेसे वाटते. मेहनत करावीच लागते हे खरे, पण त्या मेहनतीचे फळ सर्वांना सारखे मिळत नाही. ईपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे आणि ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याची सूचना देते. बाहेरून टोचल्यावर कोणाच्या रक्तात किती वाढ होईल हे त्याच्या मूळ हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर, अवलंबून असते. ज्याचे प्रमाण मुळात ४० टक्के आहे त्याला १९९७ मध्ये घातलेल्या ५० टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत बरीच जागा मिळते, आणि ज्याचे निसर्गतःच ४८ आहे त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यामुळे “सगळेच घेत होते, म्हणजे स्पर्धा समानच होती” हा युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. त्या काळी ईपीओ थेट ओळखणारी चाचणीच नव्हती. लघवीतील ईपीओ ओळखण्याची पद्धत २००० च्या सुमारास आली, आणि १९९९ चे जपून ठेवलेले नमुने नंतर संशोधनासाठी तपासले गेले तेव्हा त्यांपैकी आर्मस्ट्राँगच्या सहा नमुन्यांत ईपीओ आढळल्याचे वृत्त ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकाने ऑगस्ट २००५ मध्ये छापले.

आता त्या पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्या भागाविषयी. अंडकोशाचा पसरलेला कर्करोग बरा होऊ लागला तो सिस्प्लॅटिनमुळे. इंडियाना विद्यापीठातील डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लॅटिनसह तीन औषधांचे उपचार सुरू केले, त्याआधी या रोगाच्या पसरलेल्या अवस्थेतून फार थोडे रुग्ण वाचत. आपल्या भावाला त्या औषधाने वाचवले, आणि आर्मस्ट्राँगलाही त्यानेच. जिद्दीने कर्करोग हरतो असे वाचणाऱ्याला वाटू लागले, तर जे गेले त्यांच्यात जिद्द कमी होती असे आपण नकळत म्हणू लागतो. माझ्या आईला हे ऐकावे लागले होते, आणि ती दोन महिन्यांत गेली. पुस्तक मुलीला दिलेत तर हे तिला अवश्य सांगा.

गोदाकाठ

आपल्या आईविषयी वाचून फार वाईट वाटले. पुस्तकाच्या बाजूने एकच गोष्ट सांगते. चांगली, खंबीर माणसेही सगळे योग्य ते करून अखेर मरतात, हे त्यात अगदी सुरुवातीच्या भागात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. ते पान वाचून दाखवताना मी मध्येच थांबले होते आणि भाऊ म्हणाला होता, “गाळू नकोस, वाच.” म्हणूनच मला त्या पुस्तकाला सरसकट खोटे म्हणता येत नाही. केमोथेरपीतील रक्तक्षयासाठी आपल्याला ईपीओ दिले गेले, हेही त्याने त्यातच लिहिले आहे. एकच औषध एका ठिकाणी जीव वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी शर्यत चोरते, हे मला तेव्हा कळले नव्हते.

साक्षीची_बाजू

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. आजार खरा, मेहनत खरी, औषध खरे, हे सगळे मला मान्य आहे. परंतु या चर्चेत अजून एकदाही न आलेली माणसे आहेत, आणि त्यांच्याशिवाय या पुस्तकाचा हिशेब पुरा होत नाही.

ज्या रुग्णालयाच्या खोलीभोवती पुस्तकाचा सर्वांत हृद्य भाग रचलेला आहे, त्याच खोलीत ऑक्टोबर १९९६ मध्ये डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देताना आर्मस्ट्राँगने ईपीओ, वाढीचे संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, स्टेरॉइड आणि कॉर्टिसोन घेतल्याचे सांगितले, अशी साक्ष त्याच्या सहकाऱ्याची पत्नी बेट्सी अँड्रू हिने शपथेवर दिली. त्याने ते नाकारले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिला मत्सरी आणि वेडसर ठरवले गेले. आयर्लंडची एमा ओ’रायली ही त्याच्या संघात मालिश आणि देखभाल करणारी सहायक होती. १९९९ च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड सापडले तेव्हा बैठकीच्या फोडांवरच्या मलमाची चिठ्ठी मागील तारखेने तयार केली गेली, हे तिने सांगितले. त्याची शिक्षा म्हणून तिच्यावर खटला भरण्यात आला आणि तिच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटू त्याच टूरमध्ये वर्तमानपत्रातून लिहीत होता की हा वेग स्वच्छ शरीराचा नाही. आल्प द्युएझच्या टप्प्यावर पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी सायकल आणून म्हणाला की तू हा खेळ सोडून जा. स्वतःच्या संघानेही पाठ फिरवल्यावर बासों बाराव्या टप्प्याआधी घरी गेला, आणि दोन वर्षांत त्याची कारकीर्द संपली. २००४ च्या टूरमध्ये इटालियन सायकलपटू फिलिप्पो सिमेओनी आघाडीच्या छोट्या गटाकडे निघाला तेव्हा, आर्मस्ट्राँगचे सल्लागार आणि उत्तेजकांच्या प्रकरणात नाव आलेले डॉक्टर मिकेले फेरारी यांच्याविरुद्ध त्याने साक्ष दिली होती एवढ्याच कारणासाठी, आर्मस्ट्राँगने स्वतः त्याचा पाठलाग केला आणि गप्प राहा अशा अर्थाने ओठांवर झिप ओढल्याची खूण केली. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड तर टूरचा तीन वेळचा विजेता. १९८७ मध्ये शिकारीच्या अपघातात शरीरात छर्रे घुसलेले असताना तो परत आला आणि १९८९ ची टूर त्याने अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. मृत्यूच्या दारातून परतण्याची कथा त्याच्यापाशीही होती. आर्मस्ट्राँगच्या फेरारीशी असलेल्या संबंधांविषयी २००१ मध्ये त्याने शंका घेतली, तर त्यालाच जाहीर माघार घ्यावी लागली.

ज्या काळात तुम्ही आणि मी ते पुस्तक वाचून भारावत होतो, त्याच काळात त्या भारावण्याचा उपयोग या माणसांना गप्प करण्यासाठी होत होता. कर्करोगातून उठलेल्या माणसावर शंका घेता, एवढी तुमची मने कोती कशी, असे त्यांना विचारले जात असे. त्या पुस्तकाने दिलेली प्रेरणा हेच त्या खोट्याचे सर्वांत भक्कम कवच होते. म्हणून मला ते पुस्तक नुसते ‘अर्धे खरे, अर्धे खोटे’ असे वाटत नाही. त्यातील खऱ्या अर्ध्याच्या बळावरच खोटे अर्धे इतकी वर्षे टिकले.

घाटमाथा

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बासोंचे नाव मला माहीत होते, पण त्याच्याविषयी मी कधी थांबून विचार केला नव्हता. बहुतेक सगळे तसेच करत होते असे मी वर लिहिले, आणि ते लिहिताना न करणाऱ्या माणसाला मी मोजलेच नाही. ते वाक्य मी मागे घेतो. अंधारात पाय गळाल्यावर मला त्याची वर्णने आठवतात, हे मात्र मागे घेता येत नाही, कारण ते तसे घडतेच.

पॅव्हेलियन_एंड

एक दाखला नोंदवतो. २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेल्या युवराज सिंगला छातीतील कर्करोगाचे निदान झाले आणि तोही उपचारांसाठी इंडियानापोलिसला, डॉक्टर आइनहॉर्न यांच्याकडेच गेला. तेथे उपचार घेताना आर्मस्ट्राँगचे पुस्तक वाचून बळ मिळाल्याचे त्याने स्वतः सांगितले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये तो भारतीय संघात परतला, आणि पुढच्याच महिन्यात युसाडाचा निकाल आला. युवराजला मिळालेले बळ त्या निकालाने खोटे ठरते असे मला वाटत नाही, कारण खेळून दाखवले ते युवराजने.

जुने_बाड

ग्रंथपाल म्हणून तीस वर्षे काम केले असल्याने मी पुस्तकांच्या बाजूने बोलतो. इंग्लंडमध्ये क्रीडाविषयक पुस्तकांना विल्यम हिल हा मानाचा पुरस्कार दिला जातो. १९९० मध्ये तो पॉल किमेजच्या ‘रफ राइड’ला मिळाला, २००० मध्ये आर्मस्ट्राँगच्या या पुस्तकाला मिळाला आणि २०१२ मध्ये टायलर हॅमिल्टनने डॅनियल कॉइलच्या साहाय्याने लिहिलेल्या ‘द सीक्रेट रेस’ला मिळाला. सायकलिंगमधील उत्तेजकांचा सगळा प्रवास या तीन पुस्तकांत सामावला आहे. किमेज हा आयर्लंडचा साधा, सहायक पातळीवरचा व्यावसायिक सायकलपटू होता. त्याने मोठा विजय मिळवला नाही. संघातील मुलांना टोचण्याचा मोह कसा पडतो आणि थकव्याने कोसळणाऱ्या माणसाला तो टाळणे किती कठीण असते, हे त्याने स्वतःला न वगळता लिहिले. त्यासाठी जुन्या सहकाऱ्यांनी त्याला अनेक वर्षे जवळ केले नाही. हॅमिल्टन हा आर्मस्ट्राँगचाच सहकारी, आणि रक्ताच्या पिशव्या, मध्यरात्रीची औषधे व सांकेतिक शब्द हे सारे त्याने उघड केले.

माझ्या मते या मुलीला सर्वांत उपयोगी पडेल ते डेव्हिड मिलरचे ‘रेसिंग थ्रू द डार्क’. २००४ मध्ये फ्रान्समधील बियारिट्झ येथील त्याच्या घराची पोलिसांनी झडती घेतली तेव्हा वापरलेल्या दोन सुया पुस्तकांच्या फळीवर सापडल्या. आपण काय होऊन बसलो आहोत याची आठवण राहावी म्हणून त्याने त्या तिथे ठेवल्या होत्या. त्याचे २००३ चे विश्वविजेतेपद गेले, दोन वर्षांची बंदी आली, आणि ती भोगून तो परत शर्यतीत उतरला व पुढे उत्तेजकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघात सामील झाला. कोणाही तरुण खेळाडूला एका रात्रीत कोणी राक्षस बनवत नाही, हे मिलरने ज्या संथपणे दाखवले आहे तसे मी दुसरीकडे वाचलेले नाही.

याउलट फ्लॉइड लँडिसचे पुस्तक पाहा. २००६ ची टूर जिंकल्यावर टेस्टोस्टेरॉनमध्ये सापडलेल्या लँडिसने २००७ मध्ये आपण निर्दोष असल्याचे पुस्तक लिहिले, आणि २०१० मध्ये सर्व कबूल केले. आत्मकथनाच्या मागे कोणते संकट उभे आहे हे पाहिल्याशिवाय ते उघडू नये, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

जाता जाता एक नोंद. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील काही वाचकांनी आर्मस्ट्राँगची पुस्तके सत्यकथा म्हणून विकल्याबद्दल भरपाई मागण्यासाठी दावा दाखल केला होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर न्यायालयाने तो फेटाळला. वाचकाला त्याचे पैसे कोणी परत करणार नाही, आणि मला वाटते की त्या वाचकांना खरी रुखरुख पैशांची नव्हतीच.

दुसरा_टप्पा

आजच्या खेळाडूंविषयी थोडे. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ ची टूर जिंकली, आणि २०२४ मध्ये प्लॅतो द बेय या चढणीवर इटलीच्या मार्को पांतानीची १९९८ ची वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकली. पांतानीला १९९९ च्या जिरो या इटलीतील शर्यतीमधून ५० टक्क्यांवर गेलेल्या हिमॅटोक्रिटमुळे काढून टाकले होते. साहजिकच पोगाचारवर लगेच शंकेची बोटे उठली. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नाही. २००८ पासून प्रत्येक खेळाडूच्या रक्ताची दीर्घकाळ नोंद ठेवणारा जैविक पारपत्राचा नियम आहे, सायकली हलक्या झाल्या आहेत, शर्यतीत कर्बोदके पुरवण्याचे शास्त्र बदलले आहे, आणि तरीही मी त्याची चढण पाहताना पूर्ण मोकळ्या मनाने टाळी वाजवू शकत नाही. हे त्याच्यावर अन्यायकारक आहे हे मला ठाऊक आहे. आर्मस्ट्राँगने आपल्या आधीच्यांचे नव्हे, तर आपल्या नंतर येणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान केले.

आणि हे संकट फक्त युरोपचे नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये बंदी असलेली द्रव्ये सापडण्याचे प्रमाण भारताचे सर्वाधिक, म्हणजे ३.८ टक्के होते. ताई, आपली भाची निवड चाचणीची तयारी करत आहे असे आपण लिहिलेत, म्हणून हा आकडा मुद्दाम देतो. प्रेरणेसाठी तिला फार लांबही जायला नको. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये नाशिकच्याच महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात पूर्ण केली आहे.

साक्षीची_बाजू

माझ्या प्रतिसादावरून कोणाला असे वाटू नये की पुस्तक लपवून ठेवावे. एमा ओ’रायलीने २०१४ मध्ये स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याची प्रस्तावना तिने आर्मस्ट्राँगकडूनच लिहून घेतली. ज्याने तिला कोर्टात खेचले त्याला तिने आपल्या पुस्तकात जागा दिली, इतका मोकळेपणा मला जमला नसता. तिला जमला असेल, तर भाचीच्या हाती पुस्तक देण्यात गैर ते काय? मात्र बासोंचे नाव तिला आधी सांगा.

गोदाकाठ

चार दिवसांऐवजी तीन आठवडे गेले, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद मी छापून भावाला वाचायला दिले. त्याने ते रात्री उशिरापर्यंत वाचले आणि सकाळी चहाच्या वेळी आपणहून सांगितले, की तेव्हा हे ठाऊक असते तरीही त्याने मला रुग्णालयाची प्रकरणे वाचायला सांगितलीच असती, आणि टूरची प्रकरणे सुरू झाल्यावर थांबायला सांगितले असते. ‘तांबडी_पेशी’ यांचा सिस्प्लॅटिनचा परिच्छेद त्याने मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. आजाराविषयी तो घरात पहिल्यांदाच इतके बोलला.

पुस्तक भाचीला दिले. त्याआधी बासों, ओ’रायली, बेट्सी अँड्रू आणि सिमेओनी यांच्याविषयी तिला सांगितले. रुग्णालयाचा भाग तिने दोन संध्याकाळी संपवला आणि तिला रडू आले, हे तिनेच सांगितले. १९९९ च्या टूरचा भाग वाचताना ती सारखी उठून मला विचारायला येत होती, की इथे तो जे सांगतो आहे त्यातले त्याला स्वतःला किती खरे वाटत असेल. मला उत्तर देता आले नाही. मिलरचे पुस्तक मागवले आहे.

गेल्या शनिवारी सराव करणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी तिला थकवा लवकर जाण्यासाठी म्हणून एका पावडरीचा डबा दिला होता. डब्यावर घटकांची यादी नव्हती. “यात काय आहे?” असे तिने विचारले, तर सगळेच घेतात असे उत्तर मिळाले. रविवारी पहाटे सरावाला निघताना तिने तो डबा पिशवीत टाकला आणि ज्याचा होता त्याला परत देऊन आली.